आधी सेल मारू नका

गणपतीत गावाला जाऊन आलेल्या लोकांचे फोन मला अनंत चतुर्दशीनंतर सुरू होतात. बोलणारा इथलाच, बोरिवलीचा नाहीतर डोंबिवलीचा. "आजोबांचा ट्रॅक्टर आहे हो, गोठ्यामागे उभा. आठ-दहा वर्षं तरी झाली असतील. नवी बॅटरी टाकली की होईल ना चालू?" मी सांगतो, बॅटरी इतक्यात घेऊच नका. बॅटरी घरात आली की हात शिवशिवतात, कोणीतरी सेल मारतं, म्हणजे बॅटरीवर स्टार्टर फिरवतं, आणि जे इंजिन दोन फिल्टर नि चार वायसरांत उठलं असतं त्याचं हेड उतरवायची पाळी येते.

जुनं डिझेल इंजिन चालून चालून फारसं मरत नाही. ते उभं राहून आजारी पडतं आणि उठवणाऱ्याच्या घाईनं मरतं. म्हणून पुढे जे सांगतोय त्यातलं बहुतेक काम सेल मारायच्या आधीचं आहे.

माझी शेड दहिसरला. जनरेटर, मढ-गोराईच्या होड्यांची इंजिनं आणि जुने ट्रॅक्टर, हे माझं रोजचं काम. मुंबईत कसले आलेत ट्रॅक्टर, असं म्हणाल, तर गोराई-मनोरीकडे भातशेती आहे, आणि देशातल्या कितीतरी जुन्या ट्रॅक्टरांचं जन्मगावच कांदिवली आहे. १९६३ साली महिंद्रा, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि १९६५ पासून बी-२७५ इथून बाहेर पडू लागला. मॉडेल मूळचं इंग्लंडमधल्या डॉन्कास्टरच्या कारखान्यातलं. १९७७ मध्ये ती कंपनी महिंद्रात विलीन झाली, पण बोनेटवरचा तो लाल रंग आणि २७५ हा आकडा गावोगावी ओळखीचा राहिला.

मी सगळं बी-२७५ समोर ठेवूनच सांगणार आहे. ४ सिलिंडर, १४४ घनइंच म्हणजे साधारण २,३६० सीसी, ताकद ३५ अश्वशक्ती. हाय-लो मिळून पुढचे ८ गिअर, मागचे २. त्या काळात कौतुकाच्या अशा दोन गोष्टी त्यात होत्या: डिस्क ब्रेक आणि डिफरन्शियल लॉक, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकत्र बांधणारा खटका. तुमचा ट्रॅक्टर दुसरा असला, म्हणजे ३ सिलिंडरचा मॅसी १०३५ असो की २ सिलिंडरचा एचएमटी झेटर २५११, क्रम हाच. जुना एअर-कूल्ड आयशर असेल तर रेडिएटरचा भाग वगळा आणि त्याऐवजी सिलिंडरच्या पाकळ्यांमध्ये अडकलेला भुसा नि उंदरांची घरटी काढा. हवा तिथूनच फिरते, ती अडली की इंजिन तापून बसतं.

पाणी कुठे कुठे शिरलंय

पहिला दिवस नुसता बघण्याचा. पाने पिशवीतच ठेवा. चाकांना पुढूनमागून दगड लावा, गिअर न्यूट्रल करा आणि सायलेन्सरकडे बघा. तो उभा आहे ना? त्यावर डबडं उपडं घातलेलं होतं का? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यांना आठवतं. मुंबई-कोकणपट्टीत एका पावसाळ्यात २,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. उघड्या सायलेन्सरमधून त्यातलं थोडंसं जरी आत उतरलं तरी ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट वॉल्व्ह उघडा राहिला असेल तिथे ते जाऊन बसतं. पिस्टनच्या वर पाणी साचलेलं असताना सेल मारला तर पाणी दबत नाही, पिस्टनला धरणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन बाहेरून पूर्वीसारखंच दिसतं, आत खेळ संपलेला असतो.

मग डिपस्टिक ओढा. तेल काळं असलं तर चिंता नाही, डिझेल इंजिनात ते काळंच असतं. चहासारखं दिसलं तर पाणी मिसळलंय. आणि तेलाची पातळी खुणेच्या वर चढलेली असेल तर जास्त सावध व्हा, कारण तेल आपोआप वाढत नाही. एक तर पाणी उतरलंय, नाहीतर डिझेल. डिपस्टिकला नाक लावा, डिझेल असेल तर लगेच कळतं.

आता चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या पेटीचा, खालचा बोल्ट. तो पूर्ण काढू नका. खाली घमेलं ठेवा, पान्यानं सैल करा आणि मग बोटांनी एकेक आटा फिरवत राहा, बोल्ट आत दाबून धरा. पाणी तेलापेक्षा जड असल्यानं तळाशी असतं, त्यामुळे आट्यांमधून आधी तेच झिरपतं. थेंब गढूळ तांबूस आला तर तो बोटांवर पाण्यासारखा पसरतो, चिकटत नाही. धार काळी आणि बुळबुळीत होईपर्यंत किती पाणी पडलं ते डोळ्यांनी मोजा. चमचाभर असेल तर हवेतल्या दमटपणानं साचलेलं आहे, सोडून द्या. तांब्याभर असेल तर ते कुठून आलं हे शोधल्याशिवाय पुढे जायचं नाही: सायलेन्सर, हेड गॅसकेट, की लायनरखालचं (पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळीखालचं) रबर. गिअर आणि डिफरन्शियलच्या बोल्टांचीही अशीच परीक्षा घ्या. गिअर लिव्हरचं रबरी बूट फाटलेलं असतं नि तिथून पाऊस थेट पेटीत जातो, हे मी जवळपास प्रत्येक उघड्यावरच्या ट्रॅक्टरमध्ये बघतो.

हातानं फिरवा

सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारणारे चारही नोजल काढा. त्याआधी पाइपांवर खडूनं नंबर टाका आणि उघडी तोंडं लगेच झाका, पंपाचीसुद्धा. कचऱ्याचा एक कण नोजलच्या टोकाला अडकला तर पुढे धूर बघत बसाल. नोजलखालचं तांब्याचं वायसर बहुतेक वेळा भोकातच चिकटून राहतं. ते विसरून त्यावर दुसरं बसवलं तर नोजल उंच बसतो आणि कॉम्प्रेशन गळतं. नवी वायसरं मिळेपर्यंत जुनी वापरायची असतील तर गॅसवर लाल करून पाण्यात टाका. तांबं तसं केलं की मऊ होतं आणि पुन्हा बसायला तयार होतं.

प्रत्येक भोकातून अर्धी वाटी डिझेल आणि इंजिन ऑइल समप्रमाणात मिसळून सोडा. मग घरी जा. खरंच जा. दुसऱ्या दिवशी या, थोडं आणखी सोडा. पिस्टनच्या रिंगा लायनरला धरल्या असतील तर त्यांना तेल प्यायला वेळ लागतो.

नंतर पुढच्या क्रँक पुलीच्या बोल्टाला मोठा सॉकेट लावून फिरवायचा प्रयत्न करा. पूर्ण फेऱ्याची अपेक्षा नको. दोन्ही बाजूंनी थोडं थोडं, जितकं हलेल तितकं. इथे पुलीवर खिळ्यानं एक खूण करून ठेवली की हललं की नाही हे मनाचे खेळ राहत नाहीत. अजिबातच हललं नाही तर वरचा गिअर टाकून मागचं मोठं चाक दोघांनी पुढेमागे हेलकावायचं. इथेच गावातला कोणीतरी हुशार माणूस म्हणतो, "माझ्या ट्रॅक्टरनं ओढू, झटक्यात सुटेल." सुटतं की, पण कधी रिंग तुटून सुटते तर कधी रॉड वाकून. त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

इंजिन सुटलं की लगेच आनंदानं गरागरा फिरवू नका. वॉल्व्ह कव्हर काढा आणि एकानं हळूहळू फिरवत असताना दुसऱ्यानं आठही वॉल्व्हकडे बघा. क्रँकचे २ पूर्ण फेरे म्हणजे चार स्ट्रोकचं एक चक्र. तेवढ्यात प्रत्येक वॉल्व्ह एकदा खाली जाऊन वर आला पाहिजे. एखादा खाली गेला आणि वर आलाच नाही, तर तो गाइडमध्ये गंजलाय. तिथेच थांबा, वरून पातळ तेल सोडा, लाकडी दांड्यानं हलके ठोके द्या. हा एक वॉल्व्ह नजरेतून सुटला तर पिस्टन त्याला येऊन भिडतो आणि वॉल्व्ह वाकतो. कव्हर उघडंच आहे तर टॅपेटची फटही पुस्तिकेप्रमाणे फीलर गेजनं बघून घ्या.

डिझेलची वाट

टाकीतलं जुनं डिझेल वापरायचा मोह नको. टाकी पूर्ण रिकामी करा, खाली उतरवा. तळाशी काळा, गिळगिळीत गाळ असेल तर ती बुरशी आहे. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात त्या थरात ती वाढते. आत मूठभर बारीक खडी आणि थोडं डिझेल टाकून टाकी हलवा, ओता, पुन्हा हलवा, आणि ओतलेलं स्वच्छ दिसेपर्यंत हे चालू ठेवा. मग चिंधीवर पुसून बघा. गंजाचे पापुद्रे सुटत असतील तर टाकी बदललेली बरी, नाहीतर दर आठवड्याला फिल्टर बदलत बसाल.

काचेची वाटी असलेला सेडिमेंट बाउल असेल तर तो जपा. आजकाल लोक काढून टाकतात आणि प्लॅस्टिकचं काहीतरी लावतात. त्या वाटीत पाणी खाली बसलेलं डोळ्यांना दिसतं, याच्याइतकं सोपं यंत्र दुसरं नाही. दोन्ही फिल्टर नवे, त्यांची रबरं नवी, आणि टाकीपासून पंपापर्यंतची रबरी नळी तर आधी फेकाच. जुनी नळी बाहेरून धडधाकट दिसते आणि आतून सोलवटलेली असते. गळत नाही, पण हवा ओढते. मग लोक महिनाभर पंपवाल्याच्या नावानं खडे फोडतात.

आता एअर काढायची. डिझेल इंजिनाला हवेचा एक बुडबुडा चालत नाही, कारण पंप डिझेल ढकलतो तेव्हा बुडबुडा दबतो आणि नोजल उघडण्याइतका दाब होतच नाही. क्रम टाकीकडून इंजिनाकडे. फिल्टरच्या डोक्यावरचा छोटा स्क्रू दोन आटे सैल करा आणि फीड पंपाचा हातानं मारायचा दांडा मारत राहा. आधी नुसता फसफस आवाज, मग फेस, मग बुडबुडे असलेलं डिझेल, मग एखाददुसरा बुडबुडा. इथे लोक स्क्रू आवळतात. थांबा. अजून दहा-पंधरा वेळा मारा. बहुतेकदा फिल्टरच्या घुमटात अडकलेला एक मोठा बुडबुडा सगळ्यात शेवटी येतो. धार सलग, न फुटता आली की दांडा दाबलेला असतानाच स्क्रू आवळायचा. मग दुसरा फिल्टर, मग पंपावरचा स्क्रू. दांडा मारताना हाताला दाबच लागत नसेल तर इंजिन अर्धा फेरा फिरवा. आतला कॅम चढलेला असेल तर दांडा पोकळ चालतो. नोजलकडचे नट शेवटी, सेल मारताना सोडायचे.

एक गोष्ट ठणकावून सांगतो. नोजल बाहेर काढून फवारा बघायचा असेल तर हात, बोट, काहीही समोर आणू नका. तिथे वातावरणाच्या शंभरपटीहून जास्त दाब असतो. ती धार कातडीतून आत जाते, वरून टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसते आणि आत हात सडतो. तसं झालंच तर हळद लावून घरी बसायचं नाही, थेट मोठ्या हॉस्पिटलात.

हवा, पाणी आणि उंदीर

या ट्रॅक्टरांना ऑइल बाथ एअर क्लीनर असतो: खाली तेलाची वाटी, वर तारेची जाळी. गोराईच्या एका काकांच्या बी-२७५ ची वाटी मी काढली तेव्हा आत उंदराचं भरलेलं घर निघालं. भाताचं तूस, गोणपाटाचे दोरे आणि मधोमध लग्नपत्रिकेचा सोनेरी कोपरा. काका पत्रिका कोणाची ते ओळखायला लागले, मी मात्र वरच्या नळीत टॉर्च मारून बघत होतो. घरटं वाटीत दिसलं तर त्याचा वरचा मजला नळीत असणारच. तो इंजिनानं ओढून घेतला तर वॉल्व्हखाली जातो.

जाळी रॉकेल किंवा डिझेलनं धुवा, पेट्रोलनं नको. पेट्रोलची वाफ आत राहिली तर इंजिन तीच जाळून भलत्या वेगानं पळतं. वाटीत तेल खुणेइतकंच. "थोडं जास्त असू दे, धूळ चांगली धरेल" हा विचार मनातून काढा. जास्तीचं तेल इंजिन ओढून घेतं आणि तेही इंधनच आहे.

रेडिएटर आणि ब्लॉक, दोन्हीकडचे नळ उघडून पाणी काढा. ब्लॉकचा नळ गाळानं बुजलेला असतो, तार घालून मोकळा करा. गोराई-मनोरीकडे विहिरीचं पाणी मचूळ असतं, ते रेडिएटरला घालू नका. आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून कूलंटची गरज नाही असं लोक म्हणतात, पण कूलंट गंज अडवतो आणि खाडीकाठी ते जास्त महत्त्वाचं. फॅनचा पट्टा, होज पाइप बदला. यावर आणखी वेळ घालवण्यासारखं काही नाही.

सामान कुठून आणायचं

बेअरिंग, ऑइल सील, गॅसकेट शीट, होज, हे सगळं नागदेवीला मिळतं. वायर, स्विच, लग लोहार चाळीत. जुन्या लोखंडी भागांसाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर हिंडावं लागतं, आणि तिथे भाव करायला लाजू नका. दुकानात जाऊन "बी-२७५ चं सील द्या" म्हणण्यापेक्षा जुनं सील पुसून त्यावर छापलेले तीन आकडे वाचा: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. बेअरिंगवरही नंबर कोरलेला असतो. तो दाखवलात की दुकानदार मॉडेल विचारतसुद्धा नाही.

पान्यांची एक भानगड आहे. हा ट्रॅक्टर इंचातला. पाऊण इंचाच्या नटाला १९ चा पाना चालून जातो, अर्ध्या इंचाला १३ चा थोडा सैल बसतो, पण ९/१६ ला १४ चा जातच नाही आणि १५ चा लावून जोर केलात की नटाचे कोपरे गोल होतात. इंची पान्यांचा एक जुना संच चोरबाजारात शोधा. नवा चकाकता संच घेण्यापेक्षा तो बरा निघतो, हे माझं मत.

वीज

आता घ्या बॅटरी. १२ व्होल्टची. पण जोडण्याआधी एक बघा: बॅटरी चार्ज करायला जुना डायनामो असलेल्या ट्रॅक्टरांत बऱ्याचदा बॅटरीचं धन टोक चॅसीला असायचं, आजच्या उलट. मधल्या काळात कोणी त्या जागी नव्या पद्धतीचा अल्टरनेटर बसवला असेल तर ऋण टोक चॅसीला पाहिजे, आणि तिथे उलटं जोडलं तर अल्टरनेटरचे डायोड तत्क्षणी जातात. म्हणून आधी डायनामो आहे की अल्टरनेटर ते ओळखा, जुन्या केबलचा माग काढा, मग हात लावा. चॅसीवर जिथे केबल बसते ती जागा पॉलिश पेपरनं चकचकीत करा. सेल सुस्त फिरण्याच्या तक्रारींत या गंजलेल्या जागेचा वाटा मोठा असतो.

हीटर प्लग विसरू नका. जुन्या बी-२७५ मध्ये डिझेल थेट पिस्टनवर पडत नाही, आधी हेडमधल्या छोट्या कप्प्यात पडतं. त्या कप्प्याच्या भिंती थंड असल्या तर दाबानं तापलेल्या हवेची उष्णता त्याच पिऊन टाकतात. त्यामुळे मे महिन्यातल्या मुंबईतसुद्धा बरीच वर्षं उभं असलेलं इंजिन हीटर मागतं. जुन्या जोडणीत चारही प्लग एका माळेत असतात, एक गेला की सगळे गार. टेस्ट लॅम्पनं एकेक तपासा. आणि हीटर चालू असलेल्या इंजिनात ईथरचा स्प्रे कधीही मारू नका. तापलेल्या प्लगवर ईथर भडकतो आणि नळी तोंडावर येते.

सेल मारण्याआधीची फळी

डिझेल इंजिन बंद कसं होतं हे चालू करण्याआधी ठाऊक हवं. चावी काढून ते बंद होत नाही. त्याला स्पार्क नाहीच, मग चावी काय तोडणार? स्टॉपचा गज ओढला की पंप डिझेल द्यायचं थांबवतो, तेव्हा ते विझतं. वर्षानुवर्षं उभ्या ट्रॅक्टरच्या पंपातला रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी पट्टी) नेमका पूर्ण डिझेलच्या जागी चिकटलेला असू शकतो. तसं असेल तर इंजिन सुरू होताच सुसाट सुटतं, गज ओढून उपयोग होत नाही, आणि मिनिटभरात रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो.

म्हणून स्टॉपचा गज आणि पंपावरचा त्याचा दांडा आधी दहादा हलवून बघा, आपोआप परत येतो का. नोजलकडचे पाइप सोडून, गज ओढून, सेल मारा: डिझेल यायला नको. गज सोडून मारा: थुईथुई यायला हवं. एवढं दिसलं की अर्धी भीती गेली. उरलेल्या अर्ध्यासाठी जाड प्लायवूडची फळी हवी, एअर क्लीनरचं किंवा हवा आत नेणाऱ्या मॅनिफोल्डचं तोंड पूर्ण झाकेल एवढी. एक माणूस फक्त ती धरून उभा राहील, फोटो काढणार नाही. इंजिन सुसाट सुटलं की त्यानं त्या तोंडावर फळी दाबायची. हवा तुटली की कसलंही इंजिन मरतं. हात नाही लावायचा, गोणपाट नाही कोंबायचं. गोणपाट आत जातं आणि हाताचं तर विचारूच नका.

नवं तेल २०डब्ल्यू-४०, नवा ऑइल फिल्टर. स्टॉप ओढलेलाच ठेवून सेल मारा, एका वेळी दहा-पंधरा सेकंद, मध्ये मिनिटभर विश्रांती, ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत. बेअरिंगांना तेल पोचल्याशिवाय आग लावायची नाही. काटा उठला की नोजलचे नट एकेक सैल करून शेवटची एअर काढा, आवळा, हीटर द्या, ॲक्सिलरेटर अर्धा, आणि आता मारा सेल.

पहिले काही ठोके एका-दोन सिलिंडरांचेच येतील, पांढरा धूर कोंदेल, उंदराच्या घरट्याचा उरलासुरला जळका वासही येईल. पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, गरम झाल्यावर जायला हवा. गेला नाही आणि पाणी कमी होत राहिलं तर हेड गॅसकेट. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. पहिल्या तासाला माफ करा, रिंगा सुटायला वेळ लागतो. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. कोणता सिलिंडर चालत नाही हे शोधायला एकेका नोजलचा नट क्षणभर सैल करा. ज्याचा सैल करूनही आवाज बदलत नाही, तो गुन्हेगार.

तासन्‌तास नुसतं धिम्यावर चालू ठेवू नका. डिझेल इंजिन रिकामं चाललं की नीट तापत नाही, नोजलवर काजळी धरते. गरम झालं की त्याला हलकं काम द्या.

क्लच, ब्रेक आणि मागचा भाग

खाऱ्या हवेत क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटते. पेडल दाबलं तरी गिअर कर्कश ओरडतो. पेडल पूर्ण दाबून लाकडी ठोकळ्यानं अडकवा आणि काही दिवस तसंच राहू द्या. त्यानंतरही नाही सुटलं तर मोकळ्या शेतात, समोर माणूस-गुरं-भिंत काही नसताना, इंजिन आधी गरम करून बंद करायचं, वरचा गिअर टाकून पेडल दाबूनच सुरू करायचं आणि चालता चालता ब्रेक हाणायचा. हे काम अनुभवी माणसाकडे द्या.

डिस्क ब्रेकमध्ये दोन प्लेटांच्या मध्ये उतरत्या खाचा आणि त्यात गोळ्या असतात. पेडल दाबलं की गोळ्या खाचेतून वर चढतात आणि प्लेटा फाकून डिस्कवर बसतात. गोळ्या गंजल्या तर ब्रेक एक तर लागत नाही, नाहीतर लागला की सुटत नाही. उघडून, तारेच्या ब्रशनं खाचा साफ करून बसवा; डिस्कला तेल लागता कामा नये, लागलं असेल तर एक्सलचं सील गेलंय. डावं-उजवं पेडल वेगळं असतं, शेतात वळायला. रस्त्यावर येण्याआधी दोघांमधली कडी लावायचीच. उत्तनच्या रस्त्यावर वेगात एकच ब्रेक दाबला गेला तर ट्रॅक्टर जागेवर गरकन वळतो. डिफरन्शियल लॉक चिखलात सरळ जाताना, वळताना कधीच नाही.

ओढायची साखळी खालच्या ड्रॉबारलाच लावा. टॉप लिंकला (मागच्या वरच्या दांड्याला) किंवा एक्सलच्या वर लावली की पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या अंगावर मागे पालथा होतो, उडी मारायला वेळ मिळत नाही. पीटीओ, म्हणजे जोडलेली यंत्रं चालवणारा मागचा फिरता दांडा, मिनिटाला ५४० फेऱ्यांचा, म्हणजे सेकंदाला ९. त्याच्या आसपास गमछा, लुंगी, ओढणी, सैल बाही नको, आणि त्यावरचं पत्र्याचं झाकण काढून ठेवलेलं असेल तर आधी ते शोधा. किंगपिन (ज्यावर पुढची चाकं वळतात ते खिळे), स्टिअरिंगचा खेळ, पुढच्या ६.००-१६ टायरांच्या भेगा बघा. ग्रीसचे निपल सगळे शोधून भरा, निम्मे मातीखाली गाडलेले सापडतील.

आणि रंग? रंग शेवटी. इंजिनाचा ठोका ऐकण्याआधी लाल डुको मारून बोनेटवर नाव लिहून घेणारे मला भेटतात. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. रंगाखाली ब्लॉकची तडही झाकली जाते, म्हणून ताजा रंगवलेला जुना ट्रॅक्टर विकत घेताना मी दुप्पट वेळ बघतो.

रस्त्यावर काढणार असाल तर आरसी बुक शोधा. नोंदणीची पहिली १५ वर्षं कधीच संपलेली असणार, पुढचं नूतनीकरण दर ५ वर्षांनी असतं. चॅसी नंबर बुकाशी जुळतो का हे पैसे खर्च करण्याआधी बघा.

पुढच्या पावसाळ्यासाठी उभा करताना टाकी काठोकाठ भरा, म्हणजे रिकाम्या जागेत दमट हवा गार होऊन पाणी सुटणार नाही. क्लचचं पेडल दाबून तो ठोकळा अडकवून ठेवा, बॅटरीची एक वायर काढा, सायलेन्सरवर डबडं. महिन्यातून एकदा डबडं काढून, ठोकळा काढून, इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत चालवा आणि आवारात का होईना, प्रत्येक गिअरमध्ये थोडं फिरवा. बंद करताना स्टॉपचा गज ओढायचा, आणि विझल्यावर तो परत आत गेलाय ना, ते बघायचं.